दुसऱ्याच्या भाषेतले खोटे

खोटे बोलायला किमान दोघे लागतात, आणि त्या दोघांची भाषा एक असावी लागते, असे आपण सहसा गृहीत धरतो. ज्याला माझे बोलणे कळतच नाही त्याला मी फसवणार कसा? वर्गात हे विधान फळ्यावर लिहिले तर मुले माना डोलावतील. पण या विधानात एक फट आहे. मी जर दुसऱ्याची भाषा शिकलो आणि माझी भाषा मात्र त्याला येत नसली, तर? मग मी त्याच्या भाषेत त्याला वाटेल ते सांगू शकतो, आणि माझ्या मनातले त्याला काहीच वाचता येत नाही. खोटे बोलण्याची सोय एकालाच, पकडण्याची सोय कोणालाच नाही. दोन भाषांच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही स्थिती परकी नाही. तरीही तिचा नीट विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती बेळगावात नव्हे, तर अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या एका रानात. आणि ती आणली हरणांनी.

२०२३ सालच्या सप्टेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. बाळंतपणाच्या घरात पुरुषमाणसाचा उपयोग किती, हे अनुभवी वाचकांना सांगायला नको. तिसऱ्याच दिवशी सौभाग्यवतीने, "अहो, जरा बाहेर फिरून या," असे सुचवले. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत होते. हायस्कुलात मुलांना सुतारकाम शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. मी मुख्याध्यापक आहे हे कळल्यावर आमचे लगेच जमले, कारण शाळा जगात कुठेही असली तरी शिक्षकांच्या तक्रारी सारख्याच असतात. गावाबाहेर त्यांची चाळीस एकर झाडी होती, आणि धनुष्यबाणाने हरणाची शिकार हा त्यांचा तरुणपणापासूनचा नाद होता. मिशिगनमध्ये धनुर्धारींचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. त्याचा पहिला टप्पा १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो आणि १५ नोव्हेंबरपासून बंदुकीवाल्यांची पाळी येते. म्हणजे सप्टेंबरात धनुष्य खुंटीवरच. मग महिनाभर हे गृहस्थ काय करीत? ते नुसते पाहत असत. मीही त्यांच्याबरोबर दहा-बारा संध्याकाळी बसलो.

काय पाहत बसलो, ते सांगायला हवे. पांढऱ्या शेपटीचे हरीण हे उत्तर अमेरिकेतले फार परिचित जनावर. आपल्या चितळ-सांबराप्रमाणे याच्याही नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी उगवतात. उन्हाळाभर ती मखमली कातडीने झाकलेली असतात. ऑगस्ट सरता सरता ही मखमल सुटू लागते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतात. तोवर टोळी करून गुण्यागोविंदाने चरणारे नर मग एकमेकांपासून फटकून राहू लागतात. त्या भागात मीलनाचा काळ मुख्यतः नोव्हेंबरातला, आणि मादीचा माज टिकतो जेमतेम एक-दोन दिवस. एवढ्या रानात एवढ्या थोड्या वेळात नर-मादीची गाठ पडायची, म्हणजे काहीतरी टपालव्यवस्था हवीच.

ती अशी असते. जमिनीपासून चार-पाच फुटांवर लोंबणारी एखादी फांदी नर निवडतो. तिचे टोक तो हुंगतो, तोंडात धरून चघळतो, डोळ्याच्या कोपऱ्यातली ग्रंथी आणि कपाळ तिच्यावर घासतो. मग खालचा पालापाचोळा पुढच्या खुरांनी उकरून दोन-तीन फूट काळी माती उघडी करतो, आणि मागचे पाय एकमेकांशी जुळवून, पायांच्या आतल्या अंगाला असलेल्या वासाच्या ग्रंथींवरून मूत्र त्या मातीत सोडतो. इंग्रजीत या जागेला 'स्क्रेप' म्हणतात. आपण उकरण म्हणू. उकरणे भरात येतात ती ऑक्टोबरच्या शेवटी; पण फांदीवरचे लिहिणे-वाचणे वर्षभर चालू असते.

पूर्वी लोकांना वाटे की उकरण म्हणजे नराने आपल्या राज्याच्या हद्दीवर रोवलेला दगड. जॉर्जियातील संशोधकांनी उकरणांवर व्हिडिओ कॅमेरे लावून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा वेगळेच दिसले. एकाच उकरणावर अनेक निरनिराळे नर येऊन जात होते, आणि बहुतेक भेटी रात्रीच्या होत्या. माद्याही तिथे येतात. तेव्हा हा हद्दीचा दगड नाही. ही चावडीवरची सार्वजनिक पाटी आहे. कोण आला, कोण तगडा आहे, कोण माजावर आहे, हे तिच्यावर लिहिलेले असते, आणि ज्याला नाक आहे त्याने ते वाचावे. महाभारतातल्या कर्णपर्वात एका श्वापदाला 'घ्राणचक्षू' म्हटले आहे, म्हणजे नाक हाच ज्याचा डोळा. हा शब्द या हरणांना तंतोतंत लागू पडतो.

आता माणसाची करामत. हे गृहस्थ ऑगस्टच्या अखेरीस रबरी बूट आणि हातमोजे घालून, म्हणजे स्वतःचा वास मागे न ठेवता, रानात जात. मेपलच्या आडव्या फांदीला रानद्राक्षाच्या वेलीचा एक तुकडा चार-पाच फुटांवर लोंबेल असा बांधत, आणि खालचा पाचोळा दंताळ्याने ओढून काळी माती मोकळी करीत. झाले उकरण तयार! हरणाने न केलेले, पण हरणाच्या लिपीत काढलेले. बाजारात यासाठी हरणीच्या मूत्राच्या बाटल्याही मिळतात. ते मात्र वापरत नसत. हरणांना झिजवून मारणारा एक असाध्य रोग तिकडे पसरतो आहे. १९६७ साली तो कोलोरॅडोतील पाळीव हरणांत प्रथम दिसला, आणि २०१५ मध्ये मिशिगनच्या मोकळ्या रानातही सापडला. रोगट हरणाच्या लाळेतून व मूत्रातून तो पसरू शकतो, म्हणून अनेक राज्यांनी या बाटल्यांवर निर्बंध घातले आहेत. "वासाची बाटली लागतच नाही. फांदी योग्य जागी असली की पुरे," ते म्हणत.

आणि खरोखरच पुरत होते. उकरणापासून पंचवीस-तीस गजांवर, वारा आमच्याकडे येईल अशा बेताने उभारलेल्या हिरव्या तंबूत आम्ही बसत असू. पहिल्या संध्याकाळी एक कोवळा नर आला. डोक्यावर नुसते दोन सुळे. फांदीजवळ येऊन तो इतका अवघडून उभा राहिला की मला पाचवीतून थेट मोठ्या शाळेच्या फाटकात आलेले पोर आठवले. त्याने फांदी हुंगली, मान मागे घेतली, पुन्हा हुंगली, आणि काही न लिहिता निघून गेला. दोन दिवसांनी डावा कान फाटलेला, आठ टोकांच्या शिंगांचा नर आला. त्याने वेळ घेतला. वेलीचे टोक डोळ्याच्या कोपऱ्याला लावून तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. मग मागच्या पायांवर थोडा उठून वरच्या पानांत कपाळ घातले, उजव्या खुराने तीनदा, डाव्या खुराने दोनदा माती उकरली आणि आपली सही केली. नंतर एक हरीण पाडसाला घेऊन आली. पाडसाने वेल खाण्याचा प्रयत्न केला. आईने मात्र ती वाचली.

सर्वांत मोठा नर आम्हाला एकदाच दिसला, आणि तो उकरणावर आलाच नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, चाळीसेक गजांवर, झुडपाआड तो थांबला. नाक वर करून बराच वेळ उभा राहिला. तिथूनच काय ते वाचले, आणि शेपटी न उभारता, न फुसफुसता, शांतपणे आल्या वाटेने परत गेला. शेजारी माझ्या कानाशी म्हणाले, "हा म्हणूनच म्हातारा झाला."

हे सारे पाहताना माझ्यातला शिक्षक गप्प बसेना. एका संध्याकाळी परतताना मी विचारले, "ही त्यांची पाटी. तिच्यावरच्या मजकुरावर त्यांचा विश्वास आहे. तुम्ही त्यांच्या भाषेत खोटा मजकूर लिहिता, हे तुम्हाला खटकत नाही?" त्यांनी रागावण्याचे कारण होते, पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी कुठे काय लिहितो? मी फक्त फळा टांगतो. लिहितात ते तेच. आता त्या फाटक्या कानाच्याने तिथे सही केली, ती काय खोटी आहे?"

या उत्तराने मी अडलो, हे खरे. कारण ते अचूक होते. पहिल्या दिवशी ते उकरण बनावट होते. आठवड्याभरात तीन नरांनी आणि दोन माद्यांनी तिथे आपापल्या खुणा सोडल्या, आणि ते खरे झाले. त्या मातीत आता एकही खोटे अक्षर उरले नव्हते. पाटी माणसाने टांगली म्हणून मजकूर खोटा ठरत नाही; आमच्या भागात पाट्या कोणी टांगल्या, कोणी उतरवल्या आणि कोणत्या अक्षरांत रंगवल्या यावरून काय काय झाले ते वाचकांना ठाऊक आहेच, पण पाटीवरचे गावाचे नाव दोन्ही अक्षरांत त्याच गावाचे असते. मग इथे फसवणूक कुठे आहे?

ती शब्दांत नाही, हेतूत आहे. याचे उदाहरण आपल्याला फार जुने आहे. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना धर्मराजाने व्याकरणदृष्ट्या खोटे काहीच सांगितले नव्हते; अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. तरीही त्याचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला. द्रोणाचार्यांनी ज्याच्यावर विश्वास ठेवला तो केवळ शब्दांवर नव्हता, सांगणाऱ्यावर होता. उकरणावर सगळा मजकूर खरा आहे. लपलेली आहे ती एकच गोष्ट, की समोरच्या तंबूत कोणी बसले आहे आणि १ ऑक्टोबरनंतर त्याच्या हातात धनुष्य असणार आहे.

इथे एखादा म्हणेल, निसर्ग तरी कुठे सत्यवादी आहे? कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, ते त्याला विचारून नव्हे. हे खरे आहे. पण कोकिळेला दुसरा मार्ग ठाऊक नाही. ज्याला दोन वाटा दिसतात त्यालाच तिसऱ्याने प्रश्न विचारावा. आणि माणसाला वाटा दिसतात, याचा पुरावा म्हणजे त्याने स्वतःच शिकारीला घातलेले नियम.

अमेरिकेत या नियमांचा इतिहास मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी इतकी बेसुमार हत्या झाली की विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर देशभरात ही हरणे पाचेक लाखच उरली असावीत, असा अंदाज आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने 'उचित पाठलाग' ही कल्पना रुजवली. रानातल्या शिकारीचे मांस विकण्यावर बंदी आली. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. आज या हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात सांगतात. एकट्या मिशिगनमध्ये दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक वेळा हरीण आणि मोटार यांची टक्कर होते. लांडगा राज्याच्या दक्षिणेकडच्या भागातून केव्हाच हद्दपार झाला. त्यामुळे 'शिकार बंद करा' एवढे म्हणून तिथला प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण आपला निर्णय तिकडच्या रानावर जसाच्या तसा ठेवता येत नाही.

'उचित' म्हणजे नेमके काय, हे मात्र ठरवणे सोपे नाही. तिथल्या आधुनिक धनुर्विद्येचा उगम पाहिला तर हे लक्षात येते. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक एकटा, उपाशी माणूस सापडला. सोन्याच्या लोभाने आलेल्या वसाहतवाल्यांनी त्याची याही जमात कापून काढली होती, तो शेवटचा. त्याने आपले नाव कधी सांगितले नाही. 'इशी' हे त्याला दिलेले नाव, त्याच्याच भाषेतला 'माणूस' या अर्थाचा शब्द. त्याच्याशी त्याच्या भाषेत सहज बोलेल असे पृथ्वीवर कोणी उरले नव्हते. ज्यांची भाषा हाच ज्यांचा जीव आहे अशा वाचकांना या वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने इशीकडून धनुष्यबाण शिकला. १९१६ साली इशी क्षयाने गेला. १९२३ साली पोपने पुस्तक लिहिले आणि धनुष्याची शिकार अमेरिकेत पुन्हा रुजली. पोप व त्याचा मित्र यंग यांच्या नावाचा धनुर्धारींचा क्लब १९६१ पासून आहे.

हा इशी शिकारीच्या आदल्या दिवशी मासा खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात अंघोळ करून, सुगंधी पाला अंगाला चोळून निघे. हरणाचे पेंढा भरलेले डोके स्वतःच्या डोक्यावर चढवून झुडपाआडून ते हलवी, म्हणजे हरणे कुतूहलाने जवळ येत. ही फसवणूक नव्हे काय? आहेच. आपल्याकडेही अकबराच्या काळी शिकवलेल्या हरणाच्या शिंगांना फासे बांधून रानातली हरणे पकडत, याचे वर्णन 'आइन-ए-अकबरी'त आहे. रामायणात हरणाचे सोंग माणसाला फसवते, इथे उलटे. मग याला उचित म्हणायचे आणि कशाला अनुचित? ॲरिझोना राज्याने २०२२ पासून शिकारीसाठी रानात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांवर बंदी घातली. कॅमेरा तर काहीच खोटे बोलत नाही! तो फक्त पाहतो. पण तो दिवसरात्र, सगळीकडे, न थकता पाहतो, आणि जनावराला पाणवठ्यावरही लपायला जागा ठेवत नाही.

यावरून मला वाटते, खरा निकष सत्य-असत्याच्या पलीकडे आहे. समोरच्याला निसटायची वाट ठेवली आहे की नाही, हा तो निकष. इशीच्या सोंगातून हरीण निसटू शकत होते. वारा फिरला की पुरे. वाऱ्याच्या खाली उभा राहून परत गेलेला तो म्हातारा नर हाच या वाटेचा साक्षीदार आहे. कर्णपर्वात ज्या प्रसंगी तो 'घ्राणचक्षू' शब्द येतो, तिथे श्रीकृष्णाने अर्जुनाला दोन गोष्टी सांगितल्या आहेत: त्या श्वापदाची शिकार करूनही स्वर्गाला गेलेल्या बलाक व्याधाची, आणि लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगून नरकाला गेलेल्या कौशिक तपस्व्याची. शिकार आणि सत्य हे दोन विषय व्यासांनी एकाच पानावर ठेवले, हे मला आता योगायोगाचे वाटत नाही. बलाक हौसेसाठी मारीत नसे, आंधळ्या आईबापांसाठी आणि घरच्यांसाठी मारीत असे. कौशिकाने सत्य सांगितले, पण लपलेल्यांची वाट बुजवली.

तरीही एक काटा उरतोच, आणि तोही महाभारतातलाच. किंदम ऋषी मृगरूपात मृगीशी रममाण असताना पांडूने बाण मारले. मरता मरता ऋषींनी दोष दिला तेव्हा पांडूने राजधर्माचा हवाला दिला: मृगया ही राजांची रीत आहे. ऋषींचे उत्तर विलक्षण आहे. मृग मारलास यासाठी मी तुला दोष देत नाही, आमचे मीलन संपेपर्यंत तू थांबायला हवे होतेस. आपल्या परंपरेतला शिकारीवरचा एक फार जुना आक्षेप मारण्याला नाही, वेळेला आहे. जीव जेव्हा सृष्टीच्या सर्वांत मोठ्या ओढीखाली स्वतःचे रक्षण विसरतो, तो क्षण साधू नये. ऑक्टोबरच्या शेवटी, नोव्हेंबरच्या आरंभी उकरणावर येणारा नर याच ओढीने येतो. जो नर सप्टेंबरात चाळीस गजांवरून परत फिरतो, तोही नोव्हेंबरात नाक खाली घालून भर दुपारी येतो, असे शेजाऱ्यांनीच मला सांगितले. म्हणजे त्याची निसटायची वाट त्या दिवसांत तो स्वतःच विसरलेला असतो. सप्टेंबरातले उकरण पाहण्यासाठी असेल तर ते एक प्रकारचे वाचन आहे. नोव्हेंबरात तेच उकरण धनुष्याच्या टप्प्यात असेल, तर मी किंदमाच्या बाजूला उभा राहीन. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी पांडूचे नाव कधी ऐकले नव्हते, पण गोष्ट पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुमचे ऋषी रानातले दिसतात." याहून अधिक काही बोलले नाहीत.

आम्ही परतलो. नोव्हेंबरात मुलीचा फोन आला. फाटक्या कानाचा पडला होता, अठरा गजांवर, उकरणाजवळच. शेजारी स्वतः येऊन मांसाचा एक पुडा देऊन गेले होते. तिकडे हे मांस विकता येत नाही, फक्त देता येते. "बाबा, काय करू? घेऊन तर ठेवलंय," ती म्हणाली. मी म्हणालो, "शिजव." सौभाग्यवती माझ्याकडे पाहत राहिली.

माझ्या उत्तरात विसंगती दिसेल, म्हणून खुलासा करतो. आमच्या घरी रविवारी मटण शिजते. जत्रेतला बोकड कसा वाढतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पोरे त्याला हाताने पाला भरवतात, नाव ठेवतात, तो हाकेला धावत येतो. शेवटच्या दिवशीही तो पाल्याची डहाळी पाहून स्वतःच्या पायांनी चालत येतो. त्या डहाळीइतका खोटा निरोप मिशिगनच्या रानात मला दिसला नाही. बोकडाला वारा नाही, झुडूप नाही, चाळीस गजांचे अंतर नाही. महिनाभर पाहून, ओळखून, स्वतःच्या हाताने मारून, स्वतः सोलून, शेजाऱ्याला वाटून देणारा माणूस आणि मारणाऱ्याचे तोंडही न पाहता पिशवी घेऊन येणारा मी, यांत न्यायाधीशाच्या खुर्चीत मी बसावे, असे मला वाटले नाही. उकरणावरच्या बाणाबद्दलचे माझे मत आजही तेच आहे. पण मत असणे वेगळे आणि पुडा परत पाठवणे वेगळे.

मात्र या साऱ्यातून मला जे हाती लागले ते हरणांपुरते नाही. त्या गृहस्थांना हरणांची भाषा येत होती. हरणांना त्यांची येत नव्हती. दुभाष्याची ही सत्ता आपल्या भागात आपण रोज वापरतो. घरोघरी एखादी आजी असते, तिच्या नावाने कागद येतो. भाषा तिला न येणारी, लिपी न वाचता येणारी. ती तो कागद नातवापुढे किंवा शेजारच्या शिकलेल्या माणसापुढे धरते: "बघ रे बाळा, काय लिवलंय त्यात." कागद वाटणीचा असेल, कर्जाच्या हप्त्याचा असेल, जमिनीच्या संपादनाचा असेल. वाचणारा एकही शब्द खोटा न वाचता फक्त एक ओळ गाळू शकतो. शाळेच्या कचेरीतही रोज असे पालक येतात; मी बोट दाखवीन तिथे ते सही किंवा अंगठा करतात. त्यांच्याकडे वाऱ्याच्या खाली उभे राहून हुंगायची सोय नसते. ते थेट फांदीशी येतात, कारण पाटीवर त्यांचा विश्वास असतो.

दोन भाषा येणे हे आपले भूषण आहे, असे आपण समारंभांतून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण दुसऱ्याची भाषा येणे म्हणजे त्याच्या भोळेपणाची किल्ली हाती येणे, हेही तितकेच खरे. ज्याला आपले खोटे पकडता येते त्याच्याशी खरे बोलण्यात फारसे पुण्य नाही. ती व्यवहारातली सावधगिरी झाली. ज्याला ते पकडता येणार नाही, त्याच्यापुढे न गाळता वाचलेली ओळ हीच आपल्या सत्यनिष्ठेची परीक्षा, आणि तिथे पर्यवेक्षक नसतो. आजीपुढे कागद वाचायला बसलेल्याने म्हणून एवढे करावे. जी ओळ तिला नको असेल, किंवा आपल्याला सोयीची नसेल, ती आधी वाचावी, आणि दुसऱ्यांदा वाचावी.